‘उतार कमी, म्हणजे दरडीची भीती नाही’ हे चूक आहे

पावसाळा लागला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: माती-खडीचा ढीग 35 अंशांपर्यंत उभा राहतो, डोंगराचा उतार त्याहून कमी असेल तर निर्धास्त राहा, पाण्याने फार तर माती निसरडी होते, धोंडे जड म्हणून पुढे येतात, सपाटी लागली की सगळं थांबतं. डोंगराखाली राहणारी माणसं यावर विसंबतात, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

35 अंश हा आकडा कोरड्या, सुट्या खडीपुरता ठीक. पण कोन एक नसतो, दोन असतात. क्रेशरच्या पट्ट्यावरून पडणाऱ्या खडीचा ढीग बघा. उतार चढत जातो, मग एकदम एक थर सुटतो आणि उतार काही अंशांनी खाली येऊन थांबतो. सुटण्याचा कोन मोठा, थांबण्याचा लहान. या दोहोंमधला उतार शांत दिसतो, पण धक्का बसला की सुटतो.

खरी गफलत पाण्याबाबत आहे. थोडी ओल कणांना उलट धरून ठेवते. ओल्या वाळूचा किल्ला त्यामुळेच उभा राहतो. संततधार पावसात मात्र पोकळ्या गच्च भरतात आणि वरच्या थराचं बरंचसं वजन पाणीच पेलू लागतं. कण एकमेकांवर कमी दाबले जातात, आणि घर्षण तर त्या दाबावरच अवलंबून. वरपासून पाणी मुरून उताराच्या दिशेने झिरपत असेल, तर 35 अंशांवर टिकणारा सुटा माल 20 अंशांच्या आसपासही सरकू शकतो. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण अशाच मुसळधार पावसात गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली.

धोंडे पुढे येतात हे खरं, कारण मात्र वजन नव्हे, आकार. वाहताना बारीक कण फटींतून खाली उतरतात, मोठे वर ढकलले जातात. वरचा थर सर्वांत वेगाने धावतो, तो त्यांना तोंडाशी नेतो. मागून पातळ चिखल रेटत असतो. त्यामुळे धोंडे थांबले म्हणून कुणी बघायला पुढे जाऊ नये.

आणि सपाटी? स्वित्झर्लंडमधल्या एल्म गावावर 11 सप्टेंबर 1881 ला पाटीच्या दगडाच्या खाणीने पोखरलेला कडा कोसळला. तो राडारोडा दरीच्या जवळजवळ सपाट तळावरून किलोमीटरभराहून जास्त धावला आणि शंभरावर माणसं दगावली.