'बारा दिवस नेट बंद' असं लिहून एक तारा देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या इंटरनेट सेवेबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. ११ ते २२ जुलै नेट बंद, फोन कुणी उचलत नाही, १०० एमबीपीएसचे पैसे घेऊन १८ देतात, वर वायरचे २,४०० रुपये वेगळे, आणि मुंबईत याच्या निम्म्या पैशांत याहून चांगलं मिळतं. यातली एक गोष्ट तुम्ही लिहिलीत त्याहूनही वाईट आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

बारापैकी शेवटचे चार दिवस निव्वळ आमच्या चुकीचे. १८ तारखेला संध्याकाळी तुमच्या वाडीची लाईन सुरू झाली होती. फक्त तुमच्या घराकडे येणारी वायर पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, तुटलेली राहिली. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा १९ला आला, पुढच्या बेड्याला (फाटकाला) कुलूप पाहिलं, वहीत 'घर बंद' लिहिलं आणि तक्रार मिटवून मोकळा झाला. तुम्ही आत नेटची वाट बघत बसलेल्या. हे मला तुमचा रिव्ह्यू वाचून वही उघडल्यावर कळलं. आता ग्राहकाने स्वतः 'आलं' म्हटल्याशिवाय तक्रार मिटवायची नाही, असं सगळ्यांना बजावलंय.

आधीचे आठ दिवस मात्र वेगळे. ११च्या रात्री घाटीच्या वळणावर आंब्याचं झाड विजेच्या तारांसकट आडवं झालं. आमची फायबर त्याच खांबांवरून येते. लाईन बंद केली आहे असं वायरमन सांगेपर्यंत त्या खांबाला हात लावता येत नाही, त्यात दोन दिवस गेले. मग पाऊस. फायबरची काच १२५ मायक्रॉनची, जाडसर केसाएवढी. ती जोडताना थेंबभर पाणी चालत नाही. टेम्पोला ताडपत्री बांधून आत बसून जॉइंट मारले, तरी तुमच्या राउटरवरचा, सिग्नल नसल्याचा लाल दिवा जाईना. कारण दापोलीहून यंत्र लावलं की तूट किती मीटरवर आहे ते दिसतं, पण पहिल्या तुटीच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. पहिली जोडल्यावर दुसरी सापडली, पार खाडीच्या बाजूला. तिथे वानरांनी आमच्या वायरचा झोपाळा केला होता.

जमिनीखालून का नेत नाही, असं बरेच जण विचारतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमचं सगळं झोपलं, तेव्हा पुन्हा उभं करताना मी तो हिशोब मांडून पाहिला होता. इथे वीतभर मातीखाली कातळ. तो फोडून फायबर पुरली, तरी रस्ता रुंद करायला जेसीबी आला की पहिला घाव तिच्यावरच. आणि तुमच्या बाजूला नऊ किलोमीटर वायरवर एकतीस घरं आहेत. मुंबईत तेवढी एका जिन्यात असतात. तिथला भाव मी इथे देऊ शकत नाही, देतो म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारा.

फोनचं तुमचं म्हणणं बरोबर. तीनशे घरांना एकच नंबर दिला होता, माझा, आणि मी त्या आठवड्यात खांबाखाली. वीज गेल्यावर मोबाईलचा टॉवरही बसला होता, पण ती सबब सगळ्या दिवसांना लागू नाही. आता दुसरा नंबर सुरू केलाय, तो माझी वहिनी घेते. ती माझ्यापेक्षा स्पष्ट बोलते.

१८ एमबीपीएसबद्दल थोडं माझंही ऐका. राउटर पडवीत आहे, तुम्ही काम करता माजघरात, आणि मधे जुन्या जांभ्या चिऱ्याच्या दोन जाड भिंती. वायफाय त्यात अडतं, त्यातही पाच गिगाहर्ट्झचं जास्त. जोडणीच्या दिवशी लॅपटॉपला सरळ वायर लावून ९४ आल्याचं तुम्ही पाहिलंत. माजघरापर्यंत एक वायर ओढून तिथे दुसरा राउटर बसवला की काम होईल. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

२,४०० रुपये शेवटच्या खांबापासून पाखाडी उतरून पऱ्यापलीकडे आलेल्या ४०० मीटर वायरचे, मीटरला सहा रुपये. ते परत करणार नाही. बिलातून मात्र बाराही दिवस वजा केलेत, आणि त्या चार दिवसांबद्दल पुढचा महिना माफ.

आणखी एक. तुमची नोकरी या लाईनवर आहे, तर पावसाळ्यात फक्त माझ्यावर विसंबू नका. तुमच्या विहिरीच्या कट्ट्यावर ज्या कंपनीची रेंज येते, तिचं एक सिम जवळ ठेवा. शिवाय राउटरला लागणारा छोटा यूपीएस घ्या. आमच्या फायबरला मधे कुठेच वीज लागत नाही, तुमच्याकडे आणि आमच्या ऑफिसात असली की पुरे. वाडीत अंधार असला तरी तीन-चार तास मीटिंग चालेल.

रिव्ह्यू काढू नका, तारेही वाढवू नका. शनिवारी सकाळी माजघराची वायर घेऊन मी स्वतः येतो. बेड्याला कुलूप असलं तर विहिरीच्या बाजूने मागच्या दारी येईन.