पीट कापून लगेच घरी येत नाही

पीट म्हणजे दलदलीत साचलेला, वाळवून जाळायचा कुजक्या वनस्पतींचा थर. आयर्लंडमधल्या पीटकापणीवरच्या लेखातलं ‘मे महिन्यात सगळं गाव बॉगवर (पीटच्या दलदलीवर) जमायचं आणि एका दिवसात वर्षाचं सरपण घरी यायचं’ हे वाक्य खटकलं. एका दिवसात होते ती फक्त कापणी. ताज्या पीटमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते जळणार कसं? आधी वरचा गवताचा थर सोलायचा, मग ‘श्लॉन’ या पंख असलेल्या कुदळीने ओल्या विटा कापायच्या. सोबतचा गडी त्या हातात झेलून बाजूला पसरतो. या कामाला आपल्या इर्जिकीसारखी ‘मेहेल’, म्हणजे शेजाऱ्यांची एकत्र मदत, लागायची, तेवढं लेखात बरोबर आहे.

पण खरं कंबरडं मोडतं ते पुढे. आठ-पंधरा दिवसांनी विटांवर कातडं धरलं की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वर एक आडवी, म्हणजे मधून वारा खेळतो. घाई केली तर वीट हातातच मोडते. उशीर केला तर खालची बाजू भिजत राहते आणि गवत तिच्यावरून चढतं. फार लवकर कापून वर दंव पडलं तर ओली वीट भुसभुशीत होऊन भुगाच उरतो. हे वाकून करायचं काम बहुतेकदा घरातल्या बायकापोरांच्या वाट्याला यायचं. लेखात त्यांचा उल्लेखही नसावा?

आणि ‘आता बंदी आहे’ हेही अर्धवट. २०२२च्या नियमांनी दुकानांतून आणि जाहिराती देऊन होणारी विक्री थांबवली. कापणीचा हक्क असलेल्यांना स्वतःच्या चुलीपुरतं अजून कापता येतं, संरक्षित बॉग सोडून.