दुधातला चंद्र आणि गच्चीवरचा हॅलोजन

दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर वाद चालू आहे: कोजागरीला गच्चीवरचे हॅलोजन तासभर बंद ठेवायचे की नाही? नको म्हणणाऱ्यांची काळजी खरी आहे. लहान मुलं असतात, टाकीचे पाइप पायात येतात. तरी जपानमधल्या क्योतोहून माझं मत सांगते: बंद ठेवा.

इथे ओसावा तळ्यात शरदातल्या पौर्णिमेला नावा सोडतात. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपदातली पौर्णिमा असते, मुंबईत ढगांत हरवणारी. नावेतली माणसं पाण्यातलं बिंब बघत बसतात. मला आपलं मसाला दूध आठवलं. आपणही चंद्र दुधातच बघतो की! पण गेल्या खेपेला घरी आले तेव्हा माझ्या पेल्यात हॅलोजन दिसत होता.

2007 साली क्योतोने छतांवरच्या जाहिराती आणि लुकलुकणारे दिवे यांवर बंदी आणली, काढायला सात वर्षांची मुदत दिली. मुंबईला हे जमणार नाही, असं मला वाटत नाही. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला! उजेडाचा रंग आपल्याला कळतो. फक्त ते भांडण राणीच्या हाराचं होतं, समुद्रावरच्या चांदण्याचं नव्हतं.

इथलं सगळंच मला हवंसं वाटत नाही. नावेत कोणी गात नव्हतं. चांदोबाला ‘भागलास का’ विचारणारी आपली सलगी मला जास्त प्रिय आहे. चंद्रावर ससा मात्र दोघांनाही दिसतो. आपण त्यावरून शशांक म्हणतो, इथला ससा तांदूळ कांडतो.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण वेचणारी चकोराची पिल्लं आहेत. कथा तशी हळुवार मनाने ऐकावी, असं ज्ञानदेव सांगतात. ज्या मुलाने ते चांदणं अंगावर घेतलेलंच नाही, त्याला ही ओवी समजावून सांगावी लागेल. मला ते फार लागतं.

पाइपांना पांढरी पट्टी लावा, दूध आधीच आटवून घ्या, जिन्यातला दिवा राहू द्या. मग हॅलोजन घालवा. तुमच्याकडे नऊ वाजतील तेव्हा इथे साडेबारा झालेले असतील. मी जागी असेन, फोन लावा.