एक्स-मेन कुठून सुरू करायचं: ‘यात स्टॉर्मच नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला आणि आज सकाळी काउंटरवरच्या मुलाशी बोलून मग उत्तर लिहायला बसलो. इतर वाचणाऱ्यांनाही विषय कळावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या आठवीतल्या मुलीने ‘एक्स-मेन ’97’ ही अचाट शक्ती असलेल्या माणसांच्या टोळीची कार्टून मालिका पाहिली, त्यातली स्टॉर्म तिला फार आवडली, म्हणून वाढदिवसाला पुस्तक घ्यायला तुम्ही आमच्याकडे आलात. ‘तिला पहिल्यापासून वाचायचंय,’ असं सांगितलंत. आमच्या काउंटरवरच्या मुलाने एक्स-मेनच्या मूळ कॉमिक्सचा, 1963 सालच्या पहिल्या अंकापासूनचा संग्रह काढून दिला. मुलीने चाळीसेक पानं वाचली, पुढची नुसती चाळली आणि म्हणाली, ‘आई, यात स्टॉर्मच नाही.’ बदलायला आलात तर प्लास्टिक फोडलेलं परत घेत नाही, असं उत्तर मिळालं. पडून राहिलेला माल गळ्यात मारला, असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी लिहिलंय की साठ वर्षं चाललेल्या असल्या मालिकेत नवीन माणसाला शिरताच येत नाही.

पुस्तक चुकीचं दिलं हे खरं, आणि परत न घेणं हीसुद्धा आमचीच चूक. माल खपवण्याचा हेतू नव्हता, पण जे झालं ते सांगतो. तुमच्या मुलीला द्यायला हवं होतं ते पुस्तक त्या दिवशी शेल्फवर नव्हतं. ही पुस्तकं बाहेरून येतात, एकदा संपली की कधीकधी दोन-दोन महिने येत नाहीत. आमच्या मुलाने ‘थोडं थांबा, मागवून देतो’ म्हणायला हवं होतं. त्याऐवजी ‘पहिल्यापासून’ हा शब्द धरून त्याने पहिला अंक दिला. त्याने एकच प्रश्न विचारला असता, की मुलीला कोण आवडतं, तर हे सगळं टळलं असतं. ते विचारायला मी त्याला शिकवलेलं नव्हतं, म्हणून त्याचा दोष मी माझ्याकडे घेतो.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही, आणि या उत्तराला मोठं व्हायचं कारणही तेच आहे.

आधी स्टॉर्म का नव्हती ते. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1963 मध्ये एक्स-मेन सुरू केलं तेव्हा प्रोफेसर झेवियरच्या शाळेत पाचच विद्यार्थी होते: सायक्लॉप्स, बीस्ट, एंजल, आइसमॅन आणि मार्व्हल गर्ल, म्हणजेच जीन ग्रे. वुल्व्हरिन नाही, स्टॉर्म नाही, ‘रोग’ नावाची ती मुलगी नाही, गँबिट तर थेट 1990 मधला. म्हणजे कार्टून पाहून आलेल्या मुलीला त्या पुस्तकात ओळखीची मोजकीच माणसं भेटणार. त्यातून ते अंक साठच्या दशकातल्या पद्धतीने लिहिलेले, प्रत्येक जण आपण काय करतोय ते तोंडाने सांगत असतो. मला ते आवडतात, पण मी ते फार उशिरा वाचले. आणि खुद्द त्या काळातही ही मालिका फारशी चालली नाही. 66 व्या अंकानंतर, 1970 मध्ये, नव्या गोष्टी थांबल्या आणि पुढची पाच वर्षं 93 व्या अंकापर्यंत जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. तुमची मुलगी चाळीस पानांवर थांबली, तर तिच्या वाचनात काही कमी आहे असं अजिबात समजू नका.

आज आपण ज्याला एक्स-मेन म्हणतो ते 1975 मध्ये सुरू झालं. ‘जायंट-साइझ एक्स-मेन’चा पहिला अंक, लेखक लेन वीन, चित्रकार डेव्ह कॉक्रम. जुनी टोळी एका बेटावर अडकलीय आणि झेवियर देशोदेशी फिरून नवी माणसं गोळा करतोय, एवढीच सुरुवात. जर्मनीतल्या एका गावात मशाली घेतलेला जमाव निळ्या अंगाच्या नाइटक्रॉलरच्या मागे लागलेला असतो. रशियात सामूहिक शेतावर पीटरची (हाच पुढचा कोलोसस) लहान बहीण ट्रॅक्टरच्या वाटेत बसलेली, हा धावत जाऊन मध्ये उभा राहतो, अंगाचं पोलाद होतं आणि मोडतो तो ट्रॅक्टर. आणि केनियात लोक जिला पाऊस पाडणारी देवी मानतात ती ओरोरो. तीच तुमच्या मुलीची स्टॉर्म, आणि ती पहिल्यांदा दिसते ती याच अंकात. ही माणसं एकमेकांनाही अनोळखी आहेत. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला कुणाची ताकद माहीत नाही. वाचणाऱ्याला त्यांच्यापेक्षा जास्त काही ठाऊक असण्याची गरजच नसते. म्हणून मी नव्या माणसाला डोळे मिटून इथे बसवतो. ‘सेकंड जेनेसिस’ नावाचं जाड पेपरबॅक आहे, त्यात हा अंक आणि त्याला जोडून 94 व्या अंकापासूनचे पुढचे अंक सलग मिळतात.

94 पासून लेखक बदलतो. क्रिस क्लेरमाँट. हा माणूस 1975 पासून 1991 पर्यंत, सलग सोळा वर्षं ही मालिका लिहीत राहिला, आणि तुमच्या मुलीने कार्टूनमध्ये जे पाहिलं त्याचा पाया बहुतेक त्याच्याच गोष्टींत आहे. वाचताना एक अडचण येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो: क्लेरमाँट भरपूर शब्द वापरतो. एकेका चौकटीत निम्मी जागा मजकुराने भरलेली असते. एका बसणीत एक किंवा दोन अंक, त्याहून जास्त नको. 102 व्या अंकात ओरोरोचं लहानपण येतं. 1956 च्या सुएझच्या लढाईत कैरोतलं तिचं घर कोसळतं, आईवडील जातात आणि ती ढिगाऱ्याखाली गाडली जाते. आकाशात वादळं उठवणारी ही बाई बंद जागेत का थरथरते, ते तिथे कळतं. मुलगी तिथपर्यंत पोचली की पुस्तक आपोआप तिचं होईल, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा मुख्य मुद्दा, की मध्येच शिरता येत नाही. मी स्वतः मध्येच शिरलो. ऐंशीच्या दशकात आमच्या घराजवळच्या रद्दीवाल्याकडे परदेशी कॉमिक्सचे गठ्ठे यायचे. त्यातून मी 141 वा अंक उचलला, तेव्हा एक्स-मेन हा शब्दही ऐकलेला नव्हता. आम्ही वेताळ (म्हणजे फँटम) मराठीतून वाचलेली मुलं. इंद्रजाल कॉमिक्सचा कुठलाही अंक उचला, गोष्ट कळायची, तेवढीच अपेक्षा होती. त्या अंकाचं मुखपृष्ठ अजून डोळ्यांसमोर आहे. विटांची भिंत, तिच्यावर चिकटवलेलं मोठं पोस्टर, पोस्टरवर बारा-पंधरा चेहरे आणि बहुतेक चेहऱ्यांवर आडवी पट्टी: कुणी ठार, कुणी पकडलेला. पुढे सर्चलाइटच्या झोतात पाठ भिंतीला लावलेला एक पिकल्या केसांचा माणूस आणि त्याच्या आडोशाला एक बाई. त्यातलं एकही नाव मला माहीत नव्हतं, पण ही सगळी माणसं कधीकाळी एकत्र होती आणि आता दोघंच उरलीत, एवढं मुखपृष्ठानेच सांगितलं. बाकीचं आतल्या पानांनी सांगितलं. घरी येईपर्यंत रस्त्यातच निम्मा वाचून झाला होता.

हे जमलं त्याला कारण आहे. ही कॉमिक्स तेव्हा अमेरिकेत पेपरच्या स्टॉलवर विकली जात. मुलाचा एखादा महिना चुकणार, दुसऱ्या गावातलं पोर मधलाच अंक उचलणार, हे लिहिणाऱ्याला माहीत असे. म्हणून जवळपास दर अंकात कोण कोण आहे, कुणाच्या हातात काय आहे, मागे काय घडलं ते दोन ओळींत पुन्हा येतं. सलग वाचताना ती पुनरुक्ती खटकते, पण नव्या माणसासाठी ते दारच आहे. एखादा संदर्भ कळला नाही तर तो सोडून पुढे जायचं. पुढच्या दहा पानांत बहुधा तो उलगडतोच.

तुमच्या मुलीच्या वयासाठी अशी आणखी एक जागा आहे, आणि 1975 चं पुस्तक तिला फार जुनं वाटलं तर तिथून सुरू करा. जानेवारी 1980 चा 129 वा अंक, चित्रं जॉन बर्न यांची. किटी प्राइड नावाची साडेतेरा वर्षांची मुलगी. डोकं ठणकतंय, आईवडिलांचं पटत नाहीये, आणि एक दिवस ती आपल्या खोलीच्या जमिनीतून आरपार खाली पडते. तिला भेटायला जे लोक येतात त्यांत ओरोरो असते आणि दोघींची तिथेच मैत्री जमते. शाळेत नवीन आलेल्या मुलीच्या नजरेतून वाचणाऱ्यालाही सगळं नवीनच दिसतं. इथूनच डार्क फीनिक्सची, म्हणजे जीन ग्रे आपल्याच शक्तीच्या आहारी जाते ती, प्रसिद्ध गोष्ट सुरू होते. तिचा शेवट 137 व्या अंकात होतो, आणि 138 वा अंक म्हणजे जीन ग्रेचा अंत्यविधी: सायक्लॉप्स उभ्या जागी पहिल्या दिवसापासूनचं सगळं आठवत जातो. 1963 पासूनचा इतिहास हवा असेल तर तो एका अंकात तिथे आहे. एक मात्र तुम्ही आई म्हणून आधी चाळून बघा. यात हेलफायर क्लब नावाची मंडळी येतात, त्यांच्यातल्या बायकांचे कपडे तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात देताना तुम्हाला खटकू शकतात. तो निर्णय तुमचा.

तुम्हाला स्वतःला काही वाचायचं असेल, तर 1982 चं ‘गॉड लव्ह्ज, मॅन किल्स’ घ्या. एका बैठकीत संपतं, मागचं पुढचं काही माहीत असायला लागत नाही. मुलीला ते इतक्यात देऊ नका. पहिल्याच पानांत लहान मुलांची हत्या आहे, आणि मी ते सोळाच्या आतल्या कुणाला विकत नाही.

आणि यापुढे कुठल्याही दुकानात ‘पहिला अंक द्या’ असं म्हणू नका, हे मी सगळ्यांनाच सांगतो. ‘एक्स-मेन’ या एकाच नावाचे पहिले अंक 1963, 1991, 2010, 2013, 2019, 2021 आणि 2024 मध्ये निघालेत. त्यांतला 1991 चा तर ऐंशी लाखांच्या आसपास खपला, पण तोही क्लेरमाँटच्या सोळा वर्षांच्या शेवटाशी येतो. अंकाच्या आकड्यावरून सुरुवात सापडत नाही. वय काय, पात्रं कुठे भेटली, त्यांतलं कोण आवडलं, हे तीन प्रश्न आता आमच्या काउंटरवर कागदावर लिहून चिकटवलेत. तुमच्या रिव्ह्यूमुळे.

फोडलेलं पुस्तक घेत नाही हा नियम मुखपृष्ठं जपणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी केला होता. वाचायला नेलेलं पुस्तक चुकीचं निघालं तर तो नियम लागू व्हायला नको होता. चुकीचं पुस्तक दिलं गेलं असेल तर पंधरा दिवसांत बदलून मिळेल, हे आजपासून सगळ्यांसाठी.

‘सेकंड जेनेसिस’ परवाच आलंय, एक प्रत तुमच्यासाठी काउंटरमागे काढून ठेवलीय. जुनं पुस्तक घेऊन या, वरचा फरक आम्ही घेणार नाही. शक्य असेल तर मुलीलाही आणा. सोमवारी दुकान बंद असतं. बाकी रोज संध्याकाळी पाचनंतर मी स्वतः असतो. ती किटीपासून सुरू करणार की ओरोरोपासून, ते तिने दोन्ही पुस्तकं हातात घेऊन तिथेच बसून ठरवावं. मागच्या खिडकीपाशी खुर्ची आहे, आणि घाई कुणी करणार नाही.