‘मुलाचं नाव घातलं नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय, ‘दीड तास बसवलं, नॉमिनीत मुलाचं नाव घालू दिलं नाही, दिव्यांग पोराचा अपमान केला, वर महागडी पॉलिसी गळ्यात मारत होत्या.’ थांबावं लागलं त्याबद्दल माफ करा. महिनाअखेर होती, विम्याचे हप्ते भरणाऱ्यांची गर्दी होती.

पण अपमानाचं फार लागलं हो. घरातल्यांनी वाचलं, दोन जुन्या ग्राहकांचे फोन आले. म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या घरचं बाकी काही इथं लिहिणार नाही, तुम्ही स्वतः जेवढं टाकलंत तेवढ्यावरच बोलते.

फॉर्मचा फोटो टाकलात ते बरंच केलंत. मोठा करून बघा. नॉमिनीच्या रकान्यात मुलाचं नाव तुमच्या अक्षरात जसंच्या तसं आहे, त्यावर रेघसुद्धा नाही. लाल पेनाचा गोल माझा, पण तो खालच्या ओळीला आहे. तिथं ‘अपॉइंटी’ म्हणून तुम्ही मुलाच्या काकांचं नाव घातलं होतं. अपॉइंटी म्हणजे नॉमिनीच्या वतीनं रक्कम घेणारा माणूस, आणि तो चालतो नॉमिनी 18च्या आतला असेल तोवरच. मुलगा 22चा आहे हे रिव्ह्यूत तुम्हीच लिहिलंय. कायद्याच्या हिशेबी तो सज्ञान. म्हणजे उद्या क्लेम झाला तर काकांच्या हातात काही येणार नाही, सगळी रक्कम मुलाच्या नावावर जाणार. आणि व्यवहार कळत नाही अशा मुलाचं खातं चालवायचं कुणी? बँक कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मागते. 18 पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, एवढं म्हणाले आणि तुम्ही खुर्ची सरकवून उठलात. तो नियम काय मी केलाय का दादा?

ते प्रमाणपत्र नॅशनल ट्रस्टच्या 1999च्या कायद्याखाली मिळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो कायदा आहे. प्रमाणपत्र देते जिल्ह्याची स्थानिक समिती, तिचे प्रमुख कलेक्टर. म्हणून इथं कोल्हापुरात नागाळा पार्कला कलेक्टर कचेरीत चौकशी करा म्हटलं. तुम्ही लिहिलंत, ‘कलेक्टरकडं हाकललं’.

दुसरी वाट सांगायला तर तुम्ही थांबलाच नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874चा कायदा आहे, आम्ही त्याला एमडब्ल्यूपी म्हणतो. लग्न झालेल्या माणसानं स्वतःच्या आयुष्यावर, बायकोच्या किंवा मुलांच्या हितासाठी म्हणून त्याखाली पॉलिसी घेतली आणि विश्वस्त नेमला, की क्लेमची रक्कम विश्वस्ताकडं जाते. आपल्याकडून कर्ज वसूल करायला येणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही. धंदा करणाऱ्या घरात याची किंमत कळते. विश्वस्त म्हणून तुम्ही काकांनाच नेमू शकला असता! पण हे प्रपोजल, म्हणजे पॉलिसीचा अर्ज, भरतानाच करावं लागतं, पॉलिसी निघाल्यावर जमत नाही. म्हणून तर पेन अडवलं.

महागड्या पॉलिसीचं. तुम्ही मोबाईलवर दाखवलीत ती टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीची पॉलिसी, 60व्या वर्षी संपणारी होती. मुलं कमावती होणार असतील तर ती पुरते, स्वस्तही पडते. इथं बाप 61व्या वर्षी गेला काय आणि 85व्या वर्षी गेला काय, मुलाला सांभाळायला माणूस आणि पैसा त्या दिवसापासून लागणार. म्हणून आयुष्यभराचं कव्हर सुचवलं, आणि त्याचा हप्ता जास्तच असतो. कमिशन मलाही मिळतं, लपवायचं काय त्यात. पण नुसतं कमिशन बघायचं असतं तर तुमचा फॉर्म आहे तसा घेऊन, सही करून, चहा पाजून पंधरा मिनिटांत वाटेला लावलं असतं. पुढं क्लेमला वहिनी येणार माझ्या दारात. त्यांना काय सांगायचं, दादांना घाई होती?

वडिलांच्या माघारी राजारामपुरीतलं हे ऑफिस मी एकटी चालवते. जाहिरात परवडत नाही, लोक रिव्ह्यू बघूनच येतात.

करसवलतीचं तुम्ही जाता जाता विचारलंत तेही राहून गेलं. जुन्या करपद्धतीत आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांगाच्या सांभाळासाठी 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाला 75,000 आणि 80 टक्क्यांपासून पुढं 1,25,000 रुपयांची वजावट आहे. सीपीआर रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

यापुढं कागदांची यादी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू, गर्दीचंही काहीतरी बघतोय.

स्टार एकच ठेवा, माझी हरकत नाही. अपमानाचं तेवढं वाक्य, फोटो नीट बघून, काढता आलं तर काढा. कोरा फॉर्म देते, पैसे पडत नाहीत. येताना वहिनींना आणि मुलाच्या काकांना घेऊन या, मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणा, आणि महिन्याचे शेवटचे चार दिवस सोडून या.