चौतीस गाठी

नणंदेच्या बाळाच्या बारशाला दुपटे शिवून देण्याचे मी सर्वांदेखत कबूल केले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर केवळ कापड होते; दोऱ्याची टोके नव्हती. मंगलदास मार्केटातून मऊ सुती कापड आणि अस्तर आणले, मध्ये कापसाचा पातळ थर घातला, तिन्ही थर टाचण्यांनी अडकवले आणि मधोमध आठ पाकळ्यांचे कमळ व चार कोपऱ्यांत चार कुयऱ्या अशी नक्षी पेन्सिलीने आखली. सासूबाईंनी ती पाहून एवढेच विचारले, "सरळ रेघा का नाही मारत गं?"

या प्रश्नातले शहाणपण मला पुढे आठवडाभर हप्त्याहप्त्याने कळत गेले. सरळ टीप या काठापासून त्या काठापर्यंत जाते, तिची दोन्ही टोके काठाच्या पट्टीखाली झाकली जातात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. कमळाची पाकळी मात्र भर मैदानात सुरू होते आणि भर मैदानातच संपते.

यात मूळ दोष माझा नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. १८४६ साली अमेरिकेत इलायस हाऊ नावाच्या गृहस्थांनी ज्या शिलाई मशीनचे पेटंट घेतले, त्यात एक दोरा सुईतून आणि दुसरा शटलमधून येतो व दोघे कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. आपली मशीनही त्याच वळणावर चालते. संसार कितीही घट्ट असला, तरी टीप जेथे सुरू होते आणि जेथे संपते तेथे दोघेही मोकळे असतात, आणि तसेच सोडले तर धुता धुता पाकळी देठापासून उसवू लागते. म्हणजे प्रत्येक टिपेला टोके दोन आणि प्रत्येक टोकाला दोरे दोन. आठ पाकळ्या आणि चार कुयऱ्या मिळून १२ टिपा, म्हणून २४ टोके. त्यात माझा दोरा पाच वेळा तुटला. दोरा तुटतो तेथे एक टोक आणि पुन्हा सुरू करावे तेथे दुसरे, म्हणून आणखी १०. एकूण ३४ टोके आणि ६८ दोरे. शाळेत माझे गणित इतके बिनचूक कधीच सुटले नव्हते.

पहिली पाकळी मी परकर शिवावा तशी बेधडक सुरू केली. उलटून पाहिले, तर खाली दोऱ्याचे असे काही जंजाळ झाले होते, की कावळ्याने त्यात संसार थाटला असता. ते उसवल्यावर कळले, की आधी हाताने चाक फिरवून एकच टाका घ्यायचा, वरचा दोरा हलकेच ओढून खालचा, म्हणजे शटलमधल्या बॉबिनचा (छोट्या रिळाचा) दोरा फासासारखा वर काढायचा आणि दोन्ही शेपट्या बोटात धरूनच पायडल मारायचे. मग शेवट पक्का करण्यासाठी उलटी टीप घातली, तेव्हा कमळाला टपोरा मस आला. त्यानंतर एक मिलिमीटरहूनही बारीक टाके पाव इंचभर घालून पाहिले. ते पक्के बसले, यात शंका नाही. फक्त माझी रेघ नेमकी तेथेच चुकली होती, आणि तसले टाके उसवणे म्हणजे भातातून मीठ वेचणे.

राहिला हातचा मार्ग. दोन्ही दोरे वर घ्यायचे, उजवा डाव्यावरून आणि मग डावा उजव्यावरून अशी गाठ मारायची (दोन्ही वेळा एकाच बाजूने मारली तर ती निसटते), दोन्ही दोरे सुईत ओवायचे, टीप जेथे संपली त्याच भोकातून सुई आत घालायची आणि अस्तराला न टोचता कापसातून इंचभर सरकवून बाहेर काढायची. मग जरा हिसका दिला, की 'टुक्' असा आवाज होऊन गाठ आत बुडी मारते. तो आवाज ऐकला, की क्षणभर आयुष्यात काही कमावल्यासारखे वाटते. मग उरलेले ३३ दिसतात.

चाळिशी लागलेल्या डोळ्यांनी दोन दोरे एका नेढ्यातून ओवणे हा स्वतंत्र विषय आहे. लोकलच्या लेडीज डब्यात घेतलेली दोरा ओवायची तार चौथ्या टोकाला तुटली. तेव्हापासून घरात "जरा ओवून दे" हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले, की चिरंजीव क्लासला वेळेआधी जाऊ लागले आणि यजमानांना ऑफिसात अचानक कामे निघाली.

बारशाच्या आदल्या रात्री ११ टोके शिल्लक होती. सासूबाईंनी लालबागच्या चाळीत असताना जुन्या लुगड्यांची हाताने शिवलेली गोधडी मी कपाटातून काढली; त्यांनी टोके कशी लपवली असतील, ते बघायचे होते. उलटी केली, तर ठिकठिकाणी गाठी आणि त्यांच्या अर्ध्या इंचाच्या शेंड्या राजरोस उभ्या.

"आई, गाठी दिसताहेत की."

"दिसू देत. ती बाजू गादीकडे असते."

मी उरलेले २२ दोरे सुईने खालच्या बाजूला ओढून घेतले, गाठी मारल्या, कापले आणि शांत झोपले. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या जाऊबाईंनी दुपटे हातात घेतले, "अगंबाई, किती सुरेख!" म्हणाल्या, आणि आधी उलटे करून पाहिले.