एनएक्सवाय-०५९ चं काय झालं ते राहिलंच
नायट्रोन गटातली औषधं फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) पकडून स्ट्रोकमध्ये मेंदू वाचवतात असं लेखात लिहिलंय, ते उंदरांपुरतं बरोबर आहे हो, पण याच गटातल्या एनएक्सवाय-०५९ या औषधाचं नावसुद्धा नाही? २००६ मध्ये त्याच्या माणसांवरच्या सेंट-१ ट्रायलचा रिझल्ट आला, ६ तासांच्या आत दिलं तर अपंगत्व जरा कमी झाल्यासारखं दिसलं, सगळे खूश, मग सेंट-२ मध्ये ३ हजारांवर पेशंट घेतले आणि फायदा शून्य, ते बनवणाऱ्या अॅस्ट्राझेनेका कंपनीने गाशा गुंडाळला. लॅबमध्ये उंदराची रक्तवाहिनी आपणच बंद करतो म्हणून औषध अगदी वेळेवर देता येतं, माणूस हॉस्पिटलात पोचेपर्यंत तास निघून गेलेले असतात, वर बीपी, शुगर, वय हे सगळं सोबत, शिवाय हे औषध रक्तातून मेंदूत फार कमी शिरतं हा आक्षेप होताच. त्यामानाने फ्री रॅडिकल पकडणारंच दुसरं औषध, एडॅरावोन, टिकलं, जपानमध्ये २००१ पासून स्ट्रोकला वापरतात, अमेरिकेत २०१७ ला मंजुरी मिळाली पण ती एएलएस या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारासाठी. आणि प्लीज, हे वाचून कोणी मेंदूसाठी म्हणून व्हिटॅमिन ई चे (तेही फ्री रॅडिकल पकडतं) जास्त डोस सुरू करू नका, त्याने एकूण स्ट्रोक कमी होत नाहीत, रक्तस्रावाच्या स्ट्रोकचा धोका उलट थोडा वाढलेला दिसलाय.